शॉवर ट्रेला तडा गेला, आणि खालच्या काकूंचं छत गळायला लागलं

हेडफोन नसेल, किंवा ऑफिसमध्ये लपून वाचत असाल, तर हा मागच्या एपिसोडचा लेखी अवतार. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर झालं असं. मी नागपुरात मनीष नगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डरने बाथरूममध्ये काचेचं क्युबिकल आणि खाली पांढरा ॲक्रिलिकचा शॉवर ट्रे दिला होता. फ्लॅट बघताना आईला तो फार आवडला होता. आमच्या जुन्या घरातल्या शहाबादी फरशीच्या मोरीपुढे हे म्हणजे एकदम हॉटेल! सहा वर्षांनी त्याच ट्रेला जाळीजवळ वीतभर तडा गेला. मी दुर्लक्ष केलं. केसासारखी रेघ, तिचं काय एवढं?

मग एका रविवारी खालच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, फोन दाखवायला. त्यांच्या बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग, आणि त्याच्या मधोमध लाइट. "अरे बाप्पा, पाणी दिव्यातून टपकून राहिलं," म्हणाल्या. तेव्हा माझी झोप उडाली. डाग पुसता येतो, पण दिव्यात पाणी म्हणजे शॉक. आधी खाली जाऊन त्या सर्किटचा एमसीबी पाडला आणि इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत दिवा लावायचा नाही असं ठरवलं. तुमच्याकडे असं झालं तर हेच पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

आता माझी चूक ऐका. मी गृहीत धरलं की तडा आहे म्हणजे पाणी तड्यातूनच जातंय. दुकानातून इपॉक्सीचं किट आणलं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. रेघ थोडी खरवडून रुंद केली, पॉलिश पेपर मारला, एक अख्खा दिवस वाळू दिलं, मग दोन ट्यूब कालवून भरल्या. पुन्हा एक दिवस हात लावला नाही. काम झकास दिसत होतं. चार दिवसांनी काकूंचा मेसेज: डाग वाढला.

मग ओळखीच्या एका मिस्त्रीभाऊंना बोलावलं. त्यांनी ट्रेकडे नीट बघितलंसुद्धा नाही, नुसते त्यावर उभे राहिले आणि टाच दाबली. ट्रे खाली गेला. अगदी थोडा, पण गेला. बोटाने वाजवला तर डब्यासारखा आवाज. "भाऊ, खाली पोकळ आहे. विटांचे चार तुकडे ठेवून बसवला हा. तडा त्याच्यानंच गेला."

इथे सगळी गोष्ट आहे. ॲक्रिलिकचा ट्रे म्हणजे पातळ पत्र्यासारखा थर, त्याला मागून फायबरग्लासचं अस्तर. तो स्वतःच्या ताकदीवर माणूस पेलण्यासाठी नसतो. त्याच्याखाली वाळू-सिमेंटची गादी सगळीकडे टेकलेली हवी. पोकळी राहिली की रोज आंघोळीला उभं राहिलं की तो वाकतो, उतरलं की सरळ होतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच. आणि ट्रे हलला की जाळीखालचा सांडपाण्याचा पाइपही हलतो, त्याचं रबरी वॉशर ढिलं पडतं.

पण हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आम्ही तपासण्या केल्या. या तुम्हीही करू शकता, खर्च जवळपास शून्य.

आधी बाथरूमचा व्हॉल्व्ह चालूच ठेवून दोन दिवस काहीच वापरलं नाही. खालचं टपकणं थांबलं, म्हणजे भिंतीतली नळाची लाइन ठीक. (तुमच्याकडे फरशीखाली विटांचा भराव असेल तर जास्त थांबा. भराव स्पंजसारखा असतो, वापर बंद केल्यावरही बरेच दिवस पाणी सोडत राहतो, आणि आपण उगाच नळाच्या लाइनवर संशय घेतो.) मग जाळीला बूच लावून ट्रे भरला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण केली आणि रात्रभर सोडला. शेजारी एका घमेल्यात पाणी ठेवून तिथेही खूण. हे घमेलं कशाला? नागपूरचा मे महिना आहे भाऊ, पारा ४५च्या आसपास, पाणी नुसतं हवेत उडतं! दोन्हीकडे सारखं उतरलं तर ते वाफेनं गेलं, ट्रेमध्ये जास्त उतरलं तर गळती. दोन्हीकडे सारखंच उतरलं. माझं इपॉक्सी पास झालं होतं!

शेवटी बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि नरसाळं लावून पाणी थेट जाळीत ओतलं, ट्रे ओला न करता. काकू खाली टॉर्च घेऊन उभ्या. अर्ध्या तासात फोन: "निळं आलं रे!" सांधाच गळत होता. तडा हे फक्त लक्षण होतं.

मग दुरुस्ती की बदल? माझं मत सांगतो. वरवरची रेघ असेल आणि ट्रे पायाखाली दबत नसेल, तर किट पुरे. दबत असेल तर किटवर पैसे घालवू नका, सिलिकॉन तर अजिबात नको, हलत्या तड्यावर ते टिकत नाही. ट्रे काढायचाच.

काढला. नवीन ट्रे आणायचा की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी आईच म्हणाली, मोरीच कर. मिस्त्रीभाऊंनी स्लॅब साफ केला, नवा ट्रॅप बसवला आणि पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात गोलसर वाटा केला, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवरही चढवून. इथे ते म्हणाले आता टाइल लावतो. मी अडवलं. आधी पाणी भरून ४८ तास ठेवलं, काकूंनी हिरवा कंदील दाखवला, मगच विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि जाळीकडे दर फुटाला साधारण पाव इंच उतार. या चाचणीवर अडून बसा. टाइल लागल्यावर चूक सापडली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

टाइलच्या सांध्यांत व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरलं. कारण आपल्याकडची सवय. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले की आपण बाटलीतलं ॲसिड ओततो. ते डाग खातं तसं सांध्यातलं सिमेंटही खातं. त्यापेक्षा पाण्यात लिंबूसत्व, थोडा वेळ ठेवायचं आणि धुऊन टाकायचं.

पैशांचं विचारलं होतं बऱ्याच जणांनी. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे आपल्या संडास-बाथरूममधली आतली गळती ही ज्याचा फ्लॅट त्याची जबाबदारी. बाहेरच्या सामाईक पाइपची सोसायटीची. म्हणून काकूंच्या सीलिंगचा खर्चही मीच दिला. पण तुमचा फ्लॅट नवा असेल तर थांबा. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं की ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. फोनवर नाही, लेखी कळवा, फोटोसकट. माझी मुदत एका वर्षाने हुकली होती. पाचव्या वर्षी ट्रे दबत नव्हता का? दबत असणारच. मी टाच दाबून बघितलीच नव्हती.

काकूंचं सीलिंग अजून रंगवलेलं नाही. स्लॅब आतून वाळल्याशिवाय रंग मारला तर पोपडे येतात, म्हणून पावसाळा जाऊ द्यायचा ठरलंय. दिवाळीआधी रंग, आणि फराळाचा पहिला डबा त्यांच्याकडे.

पुढच्या एपिसोडमध्ये गीझर. तुमचा ट्रे दबतो का ते आज बघा आणि व्हॉइस नोट पाठवा.