रेटिंग 8.7, पण तिकीट काढायचं का? चित्रपटाच्या गुणांमागचं गणित आणि ओळखीच्या माणसाचं एक वाक्य

शुक्रवारी रात्री फॅमिली ग्रुपवर प्रश्न येतो, ‘कुणी बघितला का? कसा आहे?’ एक जण ‘एक नंबर’ लिहितो, दुसरा ‘डोक्याला ताप’, तिसरा नुसता अंगठा टाकतो. मग कुणीतरी रेटिंगचा स्क्रीनशॉट टाकतं आणि चर्चा संपते. आकडा आला की वाद मिटला, असं आपण धरून चालतो.

चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं आणि तिकीट 250 रुपयांचं धरलं, तर हजार रुपये दारातच गेले. पॉपकॉर्न आणि पार्किंग वेगळं. (शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला खरा, पण वीकेंडला शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आतलं तिकीट शोधून दाखवा.) एवढा खर्च ज्या आकड्याच्या भरवशावर होतो, तो नेमकं काय मोजतो?

आयएमडीबीवर दिसते ती साधी सरासरी नाही

शाळेत शिकलेली सरासरी सोपी: सगळे गुण मिळवा, मतांच्या संख्येनं भागा. आयएमडीबी तसं करत नाही. तिथे दिसतो तो भारित सरासरीचा आकडा. प्रत्येक चित्रपटाच्या पानावरचा आकडा नेमका कसा काढला जातो, हे ते मुद्दाम सांगत नाहीत, कारण सांगितलं की लोक पळवाटा शोधणार. मतदानात काही संशयास्पद दिसलं तर हिशेबाची पद्धत बदलण्याची मुभाही त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे.

‘टॉप 250’ यादीचं सूत्र मात्र त्यांनी प्रसिद्ध केलं होतं आणि कल्पना तिथून चांगली कळते. प्रत्येक चित्रपटाच्या खऱ्या मतांमध्ये 25,000 मध्यम मतं मिसळली आहेत असं समजायचं आणि मग सरासरी काढायची. मध्यम म्हणजे साइटवरच्या चित्रपटांचे सर्वसाधारण गुण. सोयीसाठी ते 7 धरू.

आता दोन काल्पनिक चित्रपट घ्या. पहिल्याला फक्त 900 लोकांनी मत दिलं, पण सरासरी 9.4. दुसऱ्याला एक लाख मतं, सरासरी 8.7. सूत्रात घातल्यावर पहिला घसरून 7.08 वर येतो आणि दुसरा 8.36 वर राहतो. थोडक्यात, मूठभर चाहत्यांच्या ‘दहापैकी दहा’वर सूत्र विश्वास ठेवत नाही. इंजिनीअरिंगला संख्याशास्त्राचा पेपर दिलेल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल.

पण याच कारणानं रिलीजनंतर पहिल्या दोन दिवसांत फिरणारे 9.5 चे स्क्रीनशॉट फारसे कामाचे नसतात. ‘12थ फेल’चंच बघा. जानेवारी 2024 मध्ये त्याचं रेटिंग 9.2 पर्यंत गेल्याच्या बातम्या झाल्या. पुढे मतं वाढत गेली तसा आकडा नऊच्या खाली आला. चित्रपट तोच होता, मतदार बदलले.

रॉटन टोमॅटोजचा 100 टक्के

हा आकडा सगळ्यांत जास्त गैरसमज करून देतो. टोमॅटोमीटर चित्रपटाला गुण देत नाही. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच सांगतो. 60 टक्के किंवा त्याहून जास्त झालं की चित्रपट ‘फ्रेश’.

दहा समीक्षकांनी प्रत्येकी पाचपैकी तीन दिले, म्हणजे ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’, तर आकडा 100 टक्के. दुसऱ्या चित्रपटाला सात जणांनी पाचपैकी पाच दिले आणि तिघांना तो अजिबात आवडला नाही, तर आकडा 70 टक्के. मला विचाराल तर मी दुसऱ्याचं तिकीट काढीन. सात जण वेडे होतात आणि तिघे चिडतात, त्यात काहीतरी असणारच.

मतं देतं कोण?

ज्याला चित्रपट ‘बरा’ वाटला, तो घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. फोन काढून गुण देतो तो एकतर भारावलेला किंवा संतापलेला. म्हणून बऱ्याच चित्रपटांच्या मतांचा आलेख काढला की एका टोकाला दहाचा मोठा खांब, दुसऱ्या टोकाला एकचा छोटा खांब आणि मध्ये खड्डा दिसतो. या दोन खांबांची सरासरी काढून येणारा 7.6 हा आकडा प्रत्यक्षात फार कुणाचं मत नसतो.

शिवाय आयएमडीबीवर मत देण्यासाठी चित्रपट पाहिल्याचा पुरावा लागत नाही. रॉटन टोमॅटोजनं 2019 मध्ये तिकीट काढलेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली, ती याच कटकटीमुळे. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही कंपनी 1979 पासून पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना थिएटरच्या दारातच गाठून मत विचारते. तिथे बघितलेलं असणं नक्की, पण पहिल्या दिवशी धावत जाणारे बहुतेक आधीच मनानं त्या चित्रपटाचे झालेले असतात. त्यामुळे तिथली श्रेणी मुळातच वरच्या बाजूला झुकते आणि ‘सी’ मिळाली तरी निर्मात्याला घाम फुटतो.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. ‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025 ला आला. त्याला दहापैकी दहा देणाऱ्यांपैकी किती जण चित्रपटाला गुण देत होते आणि किती जण शंभूराजांना? शिवाजी सावंतांची कादंबरी घराघरांत वाचलेली, विषय काळजाचा. अशा वेळी ‘सात’ देणं म्हणजे महाराजांनाच सात देण्यासारखं वाटतं.

माझं मत विचाराल, तर पूर्वार्ध मला गोंगाटाचा वाटला. एक लढाई संपते न संपते तोच दुसरी, आणि प्रत्येकीत पार्श्वसंगीत संवादाच्या वर. येसूबाईंच्या वाट्याला फार कमी लिहिलंय. रश्मिका मंदानाला ओवाळण्यापलीकडे आणि वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं थोडंच आहे. पण अक्षय खन्नाचा औरंगजेब आवाज न चढवता भीती घालतो, आणि शेवटच्या भागात विकी कौशलसमोर अख्खं थिएटर गप्प होतं. त्या शांततेसाठी चित्रपट थिएटरमध्येच बघायला हवा होता. फोनवर, मध्येमध्ये पॉज करून बघितला तर तोच चित्रपट दोन गुणांनी खाली येईल. हे एका आकड्यात कसं मावणार?

माझ्या मताचा तुम्हाला उपयोग किती?

‘बाईपण भारी देवा’ला मी मनातल्या मनात सहा गुण दिले. सहा बहिणी, तुटलेली नाती, मंगळागौरीची स्पर्धा, इथपर्यंत झकास. उत्तरार्धात सगळ्यांचे प्रश्न पटापट सुटतात, ते मला पटलं नाही. पण 30 जून 2023 नंतरचे कित्येक आठवडे नऊवाऱ्या नेसून, नथ घालून बायकांचे गट थिएटरात जात होते आणि बाहेर येऊन फुगड्या घालत होते. केदार शिंदे यांचा हा चित्रपट मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्यांपैकी एक ठरला. तिशीच्या आतल्या, आयटीत नोकरी करणाऱ्या मित्रांच्या सहा गुणांवरून घरातल्या मावशीनं जाणं रद्द केलं असतं, तर तिचं नुकसान झालं असतं. तिला साठीच्या आतबाहेरच्या मैत्रिणीचं मत हवं.

‘12थ फेल’ बाबतही असंच. विधू विनोद चोप्रांचा हा चित्रपट ऑक्टोबर 2023 मध्ये आला, तेव्हा पहिल्या दिवशीची कमाई कोटीच्या आसपास होती. पुढे तो आठवडेच्या आठवडे चालला, तो लोकांनी लोकांना सांगितलं म्हणून. मला त्यातली पिठाच्या गिरणीवरची खोली आणि गौरीभैयाचा चहाचा ठेला प्रेमकथेपेक्षा जास्त आवडला. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्याला मात्र वेगळंच काही दिसेल. चौथ्या प्रयत्नानंतरही यादीत नाव नसणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्याला पडेल, आणि चित्रपट त्यावर फार वेळ थांबत नाही. दोघांनीही नऊ गुण दिले तरी दोन मतं एकसारखी नाहीत.

‘दशावतार’ सप्टेंबर 2025 मध्ये आला, तेव्हा दिलीप प्रभावळकर 81 वर्षांचे होते. त्यांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री बघायलाच जावं. दृष्टी अधू होत चाललेला म्हातारा कलावंत, त्याचा मुलगा, दशावताराची रात्र, तळकोकणातलं रान. मध्यंतरापर्यंत मी हललो नाही. नंतर चित्रपट सूडाच्या वाटेला लागतो आणि जरा ओळखीचा होतो. पण सिंधुदुर्गात खाणींचा वाद ज्याच्या दारापर्यंत आलाय, त्याला कदाचित तोच भाग सगळ्यांत जवळचा वाटेल.

आणि ‘सैयारा’? जुलै 2025 मध्ये थिएटरात रडणाऱ्या, बेशुद्ध पडणाऱ्या प्रेक्षकांच्या रील्सनी फोन भरून गेले होते. मोहित सुरींची गाणी नेहमीसारखी कानात राहतात, अनीत पड्डा छान आहे, पण कथेतला दुखण्याचा धागा मला फार सोयीनं विणलेला वाटला. कॅमेरा चालू करून दिलेलं मत हेही शेवटी सादरीकरणच, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

मत देण्यावर बंदी?

लोकांच्या मतांची निर्मात्यांना किती धास्ती आहे, हे दक्षिणेतल्या दोन प्रकरणांतून दिसतं. 2023 मध्ये एका मल्याळम चित्रपटाच्या दिग्दर्शकानं केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली: रिलीजनंतर लगेच येणाऱ्या ऑनलाइन रिव्ह्यूंना आवर घाला. न्यायालयाला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या वकिलांनी मार्च 2024 मध्ये अहवाल दिला, त्यात व्लॉगर्सनी पहिले 48 तास थांबावं अशी सूचना होती. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिल्या तीन दिवसांसाठी बंदी मागितली. न्यायालयानं अंतरिम बंदी घालायला नकार दिला.

निर्मात्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. पैसे घेऊन चित्रपट पाडणारे आणि पैसे घेऊन चढवणारे, दोन्ही प्रकारचे लोक आहेत. पण हिशेब बघा: बहुतेक मोठ्या चित्रपटांची कमाई पहिल्या वीकेंडवर उभी असते. 48 किंवा 72 तास मतं थांबवायची म्हणजे नेमके तेच दिवस ट्रेलर आणि होर्डिंगच्या भरवशावर सोडायचे. प्रेक्षकाच्या हाती तेव्हा काय उरतं? पैसे देऊन चित्रपट बघितलेल्या माणसाला बाहेर येऊन ‘बोअर आहे’ म्हणता आलं पाहिजे.

तोंडी मताला वेळ लागतो

किरण रावचा ‘लापता लेडीज’ 1 मार्च 2024 ला थिएटरात आला, तेव्हा माझ्या ओळखीत तो पाहिलेले दोघेच. एप्रिलच्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आला आणि छाया कदम यांची मंजू माई घरोघरी पोचली. पुढे भारतानं तो ऑस्करसाठी पाठवला.

‘तुंबाड’ला तर सहा वर्षं लागली. ऑक्टोबर 2018 मध्ये राही अनिल बर्वेंचा हा चित्रपट आला आणि फारशी गर्दी न होता गेला. मग फोनवर, लॅपटॉपवर, हॉस्टेलच्या खोल्यांत लोक तो एकमेकांना दाखवत राहिले. माझ्या हॉस्टेलमध्ये तो ‘रात्री एकट्यानं बघू नकोस’ एवढ्याच शिफारशीवर फिरायचा. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा त्यानं पहिल्या वेळच्या एकूण कमाईलाही मागे टाकलं. तो न थांबणारा पाऊस मोठ्या पडद्यावर अंगावर येतो, हे लोकांना फोनवर बघूनच कळलं होतं. (हा चित्रपट मराठीत असायला हवा होता, असं मला दर वेळी वाटतं. ते राघव आणि विनायक हिंदीत बोलतात तेव्हा जरा खटकतं.)

‘कसा आहे?’ ऐवजी काय विचारायचं?

‘कसा आहे’ला उत्तर ‘भारी’ किंवा ‘बकवास’ एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: कुणाबरोबर बघितलास? मध्यंतरानंतर घड्याळ बघितलंस का? आईबाबांबरोबर बसून बघण्यासारखा आहे का? ओटीटीवर येईपर्यंत थांबलं तर चालेल का?

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं ग्रुपवर ‘दशावतार’बद्दल लिहिलं होतं: ‘आईला घेऊन गेलो. मालवणी कानाला बसायला दहा मिनिटं लागतात. दुसरा भाग जरा लांबतो. प्रभावळकर आले की आई पुढे सरकून बसायची. मागची रांग घ्या, आवाज जोरात आहे.’ गुण किती, ते त्यानं लिहिलंच नव्हतं. ग्रुपमधल्या पाच जणांनी त्याच संध्याकाळी तिकिटं काढली, मागच्या रांगेची.