भागीदारीत शासनाचे कर्तव्य

लोकोपयोगी कार्यात शासन व खासगी संस्था यांनी एकमेकांस साहाय्य करावे, ही कल्पना शिक्षकांस नवी नाही. इ. स. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने शाळांकरिता अनुदानाची पद्धत सुचविली. संस्थेने शाळा चालवावी, शासनाने द्रव्यसाहाय्य द्यावे व तपासणीही करावी, असे तिचे स्वरूप होते. यातील मर्म असे की, पैसा देणाऱ्याने देखरेख सोडता कामा नये. वीज, रस्ते, पाणी यांसारख्या मोठ्या कामांनाही हाच नियम लागू पडतो. तो न पाळल्यास काय होते, हे दाभोळ वीजप्रकल्पाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल.

रत्नागिरी जिल्ह्यातील या प्रकल्पाचा प्राथमिक करार १९९२ साली एन्‍रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर झाला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेने योजनेस कर्ज नाकारले होते. करारातील मुख्य अट अशी होती की, राज्य वीजमंडळाने वीज घेतली अथवा न घेतली, तरी ठरलेला स्थिर आकार द्यावाच लागेल. दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला असल्याने रुपया घसरला की वीज महाग होई. शिवाय मंडळाने पैसे थकविल्यास राज्यशासन व त्यामागे केंद्रशासन हमीदार होते. नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची, अशी ही वाटणी झाली.

१९९५ साली करार रद्द करण्यात आला व पुढे फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा मान्य झाला. १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. परंतु ही वीज मंडळास परवडेना. २००१ साली मंडळाने खरेदी थांबविली व केंद्र बंद पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्‍रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला. मूळ करार झाला तेव्हा दर तपासणारी अशी स्वतंत्र संस्था राज्यात नव्हती.

यावरून भागीदारी यशस्वी होण्यासाठी शासनाची चार कर्तव्ये स्पष्ट होतात. पहिले, गरज किती आहे याचा आधी अंदाज घेणे. दुसरे, उघड स्पर्धेतून भागीदार निवडणे. तिसरे, जी जोखीम ज्याला आवरता येईल तिचा भार त्याच्याच माथी ठेवणे. चौथे, करार जनतेसमोर मांडून त्याच्या पालनावर स्वतंत्र देखरेख ठेवणे. खासगी भांडवल आले म्हणजे शासनाचे काम संपले, असे नव्हे. उलट ते अधिक नाजूक होते.

हा धडा आपल्या शाळेपुरताही उपयोगी आहे. एखादा दाता संगणक अथवा खोली देऊ लागला, तर आनंदाने स्वीकार करावा. तथापि दुरुस्ती कोणी करावयाची, विजेचे देयक कोण भरणार, वस्तूची मालकी कोणाची, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. पाचवी-सातवीच्या मुलांस समितीचे असे इतिवृत्त वाचून दाखविले, तर सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा नागरिकाचा धर्म आहे, हे त्यांच्या मनावर सहज ठसेल.