आषाढातला पन्हाळा

एजियन समुद्रातल्या लहानशा ग्रीक बेटावर हिवाळा लागला की हॉटेलांची दारं बंद होतात, वारं चढलं की बोटी थांबतात आणि बेट कायमच्या रहिवाशांच्या हाती उरतं. कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्याला समुद्र नाही, पण आषाढ आहे. मे महिन्यात गाड्यांनी गच्च भरणारा हा गड जुलैच्या एखाद्या मंगळवारी धुक्यात बुडून जातो. पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. झड आत येऊ नये म्हणून घरांच्या वाऱ्याकडच्या भिंतींना पत्रे आणि प्लास्टिकचे कागद बांधलेले असतात. दोरीवरचं कापड चार-चार दिवस दमटच राहतं, काडेपेटीतली काडी ओढली तरी धरत नाही. तीन दरवाजाच्या काळ्या दगडांवर शेवाळ चढतं आणि चिऱ्यांच्या सांध्यांतून नेचे डोकावतात. पन्हाळा ओळखायचा तर तो याच दिवसांत ओळखावा, असं माझं ठाम मत आहे. तटाआत माणसांनी बारमाही राहावं म्हणूनच हा गड उभा राहिला, आणि ते या दिवसांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं सुट्टीच्या गर्दीत दिसत नाही.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून पुढच्या राजवटींनी इथं काय काय बांधलं ते पाहावं. अंबरखान्याच्या तीन कोठ्या आहेत: गंगा, यमुना, सरस्वती. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असं सांगतात. अंधारबाव ही नुसती विहीर नव्हे. तळाशी पाणी, वर पहाऱ्याच्या शिबंदीची जागा आणि तटाबाहेर पडायला चोरवाट, अशी ती तीन मजली इमारत आहे. एवढं धान्य आणि एवढं पाणी चार दिवसांच्या मुक्कामासाठी कुणी राखत नाही. ही बेगमी आहे. घरात शेणी आणि सरपण रचून ठेवावं तशीच, फक्त गडाच्या मापाची. तिची कसोटी १६६० साली लागली. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. पावसाळ्यात तो ढिला पडेल ही आशा फोल ठरली. जौहरने भर पावसातही मोर्चे हलू दिले नाहीत. जुलैच्या त्या रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंचं बलिदान घराघरांत माहीत आहे. मात्र महाराज गेल्यावरही त्र्यंबक भास्कर आणि मागे राहिलेल्या माणसांनी सप्टेंबरपर्यंत गड धरून ठेवला, हे फारसं सांगितलं जात नाही. श्रावण आणि भादवा त्यांनी या धुक्यातच काढला. पन्हाळ्याच्या इतिहासातलं हे पान मला फार मोलाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, आता पावसाळ्यातही शनिवार-रविवारी गडावर पाय ठेवायला जागा नसते, मग ग्रीक बेटाची तुलना कशाला? हरकत खरी आहे. धुकं पाहायला, झुणका-भाकर खायला लोक येतात आणि त्यावर कित्येक चुली पेटतात. पण सोमवारी हा लोंढा ओसरतो, आणि तालुक्याचं ठाणं गडावरच असल्यामुळे कचेरीच्या कामासाठी खालच्या गावांतली माणसं ओल्या छत्र्या घेऊन वर येतात. सुमारे तीन हजार वस्तीची ही नगरपरिषद तेव्हा साधं गाव असते. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळा आहे. वारसा जपायचा तर वस्तीचा भार हलका करावा, असं मानणारे आहेत. आणि जैसलमेरच्या किल्ल्यात घरगुती सांडपाणी पायात मुरून बुरुजांना धोका झाला, हे उदाहरण खोटं नाही. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष गटारं नीट बांधण्याचा. माणसं उठवण्याचा नव्हे. २०११ साली हंपीच्या बाजारातली वस्ती हटवली. मंडप राहिले, बाजार गेला. पन्हाळ्यावर दिवे लावणारं कुणी उरलं नाही, तर पावसाळ्याचे चार महिने तटातला निखळलेला चिरा पाहणार कोण? तो पहिल्यांदा दिसतो तो रोज त्या वाटेने जाणाऱ्याला.

म्हणून वारशाच्या आराखड्यात वाहनतळ आणि माहितीफलकांच्या आधी पाण्याचा निचरा आणि रस्ता यायला हवा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक तुटली. बेटाची बोट बंद पडावी तसंच ते होतं. पर्यटकांची एक सहल हुकली. वर राहणाऱ्यांचा दवाखाना, भाजी आणि गॅसची टाकी त्याच रस्त्यावर अवलंबून होती.