मोटार जळण्याआधी

रावेर-यावलच्या केळीला उन्हात पाण्याचा खंड सोसत नाही आणि शेतीची वीज अनेकदा येते रात्री. मग बॅटरी घेऊन विहीर गाठायची, साप-विंचवाची भीती गिळून. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यावर ‘नॅनो गणेश’ हे यंत्र काढलं: स्टार्टरला जोडलेली पेटी, आत सिमकार्ड, आणि साध्या फोनवरून मोटार चालू-बंद. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला.

असं यंत्र आज बांधण्याआधीच तपासता येतं. ‘वोक्वी’ या संकेतस्थळावर ईएसपी३२ हा छोटा नियंत्रक बोर्ड, रिले म्हणजे विजेचा स्विच आणि तारा पडद्यावरच जोडायच्या, ओलाव्याच्या सेन्सरऐवजी फिरवायचं बटण लावायचं आणि वायफायवरून निरोप खऱ्या मोबाइलवर आणायचा. खर्च शून्य.

खरी कसोटी बिघाडांची. धुळ्याच्या शिवारात एक फेज गेला तर? विहिरीचं पाणी तळाला गेलं तर? सर्वांत धोकादायक म्हणजे ‘बंद कर’ हा निरोप रेंजअभावी पोहोचलाच नाही तर? म्हणून थांबण्याचा निर्णय फोनवर सोडायचा नसतो. ठरलेल्या वेळेनंतर पेटीनेच मोटार बंद केली पाहिजे. पडद्यावर नेट मुद्दाम तोडून ही चूक आधीच पकडता येते. शेतात तीच चूक मोटारीचं वाइंडिंग जाळते, आणि भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तुटतं.