९१ रोपं आणि सातचा पाढा : विभाजक कसे शोधायचे, मूळ संख्या कशी ओळखायची?

केळशी (ता. दापोली) : दोन वर्षांपूर्वी सुपारीची ९१ रोपं लावायला घेतली. वाडीचा तुकडा लांबट. नऊ फुटांचं अंतर धरलं तर रुंदीत सातच ओळी बसत होत्या. पण ९१ बघून वाटलं, ही संख्या अडनिडी, समान ओळी होणार नाहीत. म्हणून ९ ओळी, प्रत्येकीत १०, अशी दाटीनेच लावली. एक रोप उरलं ते विहिरीकडेला. टोकाची जागा मात्र रिकामीच राहिली. नंतर पाचवीतली पुतणी म्हणाली, "काका, तेरा साते एक्याण्णव! सात ओळी केल्या असत्या तर तेरा-तेरा बसली असती ना."

पाढे मलाही पाठ होते. पण पाढा म्हणजे काय, तेच कळलं नव्हतं. मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी म्हणून हे सोपं करून सांगतो.

विभाजक आणि विभाज्य

ज्या संख्येने नि:शेष भाग जातो, म्हणजे बाकी शून्य उरते, ती विभाजक. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६ आणि १२. आंबा डझनावर मोजायला सोपा पडतो तो याचमुळे. डझनाचे दोन, तीन, चार, सहा असे कितीही वाटे करा, फळ कापावं लागत नाही. दहाचे तसे होत नाही, तिथे दोन आणि पाच एवढेच वाटे जमतात.

विभाज्य म्हणजे पाढ्यात येणारी संख्या. ७, १४, २१, २८ हे सातचे विभाज्य. पाढा तीसपाशी थांबत नाही आणि दहाव्या ओळीलाही थांबत नाही, विभाज्य पुढे चालूच राहतात. विभाजक मात्र मोजकेच असतात.

जोडीने शोधा

विभाजक नेहमी जोडीने सापडतात. ३६ घ्या : १×३६, २×१८, ३×१२, ४×९, ६×६. पाचने भाग जात नाही. सहाच्या पुढे शोधायची गरज नाही, कारण पुढे ९, १२, १८ हेच परत येतात, फक्त उलटे होऊन.

मूळ संख्या

जिला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. १ ही मूळ नाही, कारण तिला एकच विभाजक. सम संख्यांत फक्त २ मूळ. १ ते १०० मध्ये मूळ संख्या २५ आहेत.

९७ मूळ आहे का? सगळे पाढे म्हणत बसू नका. ११×११ = १२१, म्हणजे ९७ च्या पुढे गेलं. जोडीतला एक विभाजक तरी ११ पेक्षा लहान हवा, म्हणून २, ३, ५, ७ एवढेच तपासा :

- शेवटचा अंक सम नाही, २ गेला.
- ९+७ = १६, तीनच्या पाढ्यात नाही, ३ गेला.
- शेवटी ० किंवा ५ नाही, ५ गेला.
- सात तेरे ९१, बाकी ६ उरली, ७ गेला.

म्हणून ९७ मूळ. ९१ ला हीच चाळणी लावली असती तर सातवरच अडकली असती. ५१ आणि ८७ सुद्धा अशाच फसव्या. दोन्हींना तीनने भाग जातो, अंकांची बेरीज करून बघा.

याचा उपयोग काय?

इंटरनेटवरची काही कुलपं याच गोष्टीवर चालतात. दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण त्या गुणाकारावरून मूळ जोडी शोधणं महाकठीण. १९७७ साली शोधलेली आरएसए ही पद्धत यावरच उभी आहे.

आणि गणित आपल्या मुलांचं काम नाही, असं म्हणू नका. आपल्याच तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सिनिअर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. देवळालीचे द. रा. कापरेकर तर शाळामास्तर होते, ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर ओळखला जातो.

आज रात्री मुलांना विचारा : ११९ मूळ आहे का? उत्तरासाठी सातचा पाढा थोडा पुढे न्या.