बाळंतपणाच्या कळा : किती तास?

आम्ही सावर्डेकर पहिलटकरणीच्या कळा लांबल्या की घाबरतो, नाहीतर "होईल सकाळपर्यंत" म्हणून थांबतो. दोन्ही चूक. सुरुवातीच्या हलक्या कळांना ठरावीक मुदत नसते. गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडले की खरा हिशेब सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार, तेथून ते पूर्ण उघडण्यास पहिल्या खेपेस सहसा १२ तासांहून, पुढच्या खेपांस १० तासांहून अधिक लागत नाहीत. त्यानंतर बाळ बहुधा अनुक्रमे ३ व २ तासांत जन्मते. परंतु पाणमोट फुटली, रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तास मोजू नयेत. १०८ ला फोन करावा. डेरवणचे रुग्णालय जवळ असले, तरी वाडीतून रस्त्यापर्यंतचा वेळही आपण हिशेबात धरलाच पाहिजे.