तटिनी आणि कूलंकषा

आषाढ शुद्ध एकादशीस पंढरीत येणारा वारकरी चंद्रभागेचे स्नान करतो, भक्त पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि मग महाद्वाराकडे वळतो. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा येथे चंद्रकोरीसारखी वळली, म्हणून ती चंद्रभागा झाली. ज्या नदीला वळणाने नाव दिले, तिच्या काठांची आज काय स्थिती आहे, याचा विचार या पर्वणीच्या निमित्ताने भाविक वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

संस्कृतात नदीला अनेक नावे आहेत. जिला तट आहेत ती तटिनी. आणि कूल म्हणजे काठ, तो जी खरवडते ती कूलंकषा. दोन्ही नावे एकाच नदीची. कालिदासाच्या शाकुंतलात पाचव्या अंकी दुष्यंत समोर उभ्या असलेल्या शकुंतलेस अशाच काठ पाडणाऱ्या नदीची उपमा देतो. ती नदी आपले निर्मळ पाणी गढूळ करते आणि तीरावरचा वृक्षही पाडते, असा त्याचा आशय. उपमा सुंदर, पण आरोप खोटा. शकुंतला निर्दोष होती. विस्मृती राजालाच झाली होती. पुराने मळा वाहून गेला की ‘नदीने जमीन खाल्ली’ असे लोक म्हणतात, तेव्हा आम्हांस हा प्रसंग आठवतो.

नदीचा स्वभाव मुळात उचलण्याचा आणि ठेवण्याचा. वळणाच्या बाहेरच्या अंगास प्रवाह वेगवान असतो, तेथे ती माती उचलते. आतल्या अंगास तो मंदावतो, तेथे ती वाळू ठेवते. संतांच्या कीर्तनाने पुनीत झालेले वाळवंट हे नदीच्या अशा ठेवण्याचेच देणे. हा जमाखर्च मनुष्याने बिघडविला. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले. त्याने या दुष्काळी मुलखास पाणी दिले, हे उपकार विसरता येणार नाहीत; परंतु वरून येणारी वाळू आणि गाळ जलाशयात अडतो. ओझे टाकून आलेले पाणी खालचा तळ व काठ अधिक कुरतडते. त्यातच वाळूचा उपसा. तळ खोल गेला की काठाच्या पायाखालचा आधारच निघून जातो. पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील उपशासही पर्यावरणाची पूर्वमंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले, ते उगाच नव्हे.

आपल्या काळ्या मातीचाही एक धर्म आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पुरात पोटभर पाणी पिते. पूर असेतोवर नदीचे पाणीच काठाला बाहेरून टेकू देते. पूर झपाट्याने ओसरला की टेकू जातो, मातीचे वजन मात्र राहते आणि दरड कोसळते. म्हणून पुष्कळदा काठ पुरात नव्हे, पूर सरल्यावर ढासळतो.

दगडी भिंत बांधली म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. 14 ऑक्टोबर 2020 रोजी अतिवृष्टीत पंढरीच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा न्यायनिवाडा आम्ही करीत नाही. परंतु भिंतीचा पाया खोल हवा आणि तिच्या मागे मुरलेल्या पाण्यास निचऱ्याची वाट हवी, हा नियम कोणत्याही घाटास लागू आहे. पुढे 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि माढा, मोहोळ भागांतील शेतांची माती खरडून गेली. हीच सीना हत्तरसंग कुडलास भीमेला मिळते. भीमा काय, सीना काय, काठाचे दुःख एकच.

मग उपाय कोणता? लव्हाळ्याचा दृष्टांत कीर्तनातून भाविकांच्या परिचयाचा आहे. त्यातून नम्रतेचा बोध घेतला जातो, तो योग्यच. पण लव्हाळे पुरात वाकते तेव्हा ते मातीवर चटईसारखे पसरून तिला झाकते आणि खाली मुळांनी तिला धरूनही ठेवते. जे वाकते तेच राखते, हा त्यातील दुसरा बोध. वाळ्याची मुळे तर अनुकूल जमिनीत तीन मीटरांपर्यंत सरळ खाली उतरतात. मात्र सुगंधासाठी तीच मुळे उपटली तर काठ पुन्हा उघडा पडतो. काठावरचा वाळा नदीचाच समजावा.

कामाचा क्रमही ध्यानी घ्यावा. आधी काठाचा पायथा दगडांनी सावरावा, मग उभी दरड तासून तिला उतार द्यावा, त्यानंतर पाण्यालगत लव्हाळा व वाळा, वर निर्गुडी व बांबू, आणि माथ्यावर करंज, जांभूळ, उंबर लावावेत. शेतातल्या ओढ्यापासून आरंभ करावा. तेथे जागोजागी लहान दगडी बांध घातले की पाण्याचा वेग आवरतो. ओढे आवरले तर नदीही आवरते.

भाविकहो, एकादशीस आपण अन्नाचा संयम पाळतो. ज्यांची शेती नदीकाठी वा ओढ्याकाठी आहे, त्यांनी काठालगतचा एक पट्टा न नांगरता सोडावा. त्या पट्ट्यालाही नांगराचा उपवास घडू द्यावा. हे व्रत एका दिवसाचे नाही, बारमाही आहे. त्याचे पारणे मात्र पुढल्या पिढ्यांच्या ताटात पडेल.